नानाकाकांचा मिताहार

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी दहाच्या सुमारास कोलकात्यातल्या आमच्या सॉल्ट लेकच्या घरी एक मुलगी आमची थुंकी न्यायला आली. अशा कामासाठी कोणी येणार म्हणून आपण आदल्या दिवशी पडदे धुवू, असं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं...

सुदेष्णा तिचं नाव. इथल्याच एका संशोधन प्रकल्पात काम करते. माणूस जेवणालाच घाबरू लागतो तसले खाण्याचे विकार काही घराण्यांत जास्त का दिसतात, त्यात जीन्सचा वाटा किती, हे ते लोक शोधतायत. त्यासाठी आजारातून गेलेल्यांच्या आणि त्यांच्या आईवडिलांच्या लाळेचे नमुने लागतात.

आमच्याकडे हा आजार मुक्ताला झाला. आमची मुलगी, आता बावीस वर्षांची. (हे लिहायला तिची परवानगी आहे. वाचून तिने माझी दोन विशेषणं खोडली.) दोन वर्षं डॉक्टर, समुपदेशन, रडारड... आता ती बरी आहे. शेवटच्या फिश फ्रायवरून आईशी रीतसर भांडते. हो, फिश फ्राय. वीस वर्षं कोलकात्यात काढली की गोत्राच्या अटी जरा शिथिल होतात.

एक प्रश्न मात्र तिच्या मनातून जात नव्हता. "बाबा, हे मीच ओढवून घेतलं ना?" मी दर वेळी नाही म्हणायचो. पण बापाच्या 'नाही'ला पुरावा नसतो, हे तिला पक्कं ठाऊक. प्रकल्पात नाव दिलं ते तिनेच.

नमुना देण्याआधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, असा स्पष्ट नियम होता. माझ्या बायकोने, वैशालीने, तो कागद फ्रिजवर चिकटवलाही होता. तरी सुदेष्णा टेकते न टेकते तोच पोहे पुढे आले... आणि पाहुण्याला एकटं खायला कसं लावायचं, म्हणून आम्हीही तिघांनी एकेक बशी उचलली. दुसऱ्या घासाला मुक्ता थांबली. "आई! नियम!"

"काकीमा," सुदेष्णाने कपाळावर हात मारला, "अब आधा घंटा बैठिए।" आणि स्वतःचे पोहे शांतपणे संपवले.

बसायचंच आहे तर, म्हणून तिने कुटुंबाच्या इतिहासाचा फॉर्म काढला. वडिलांकडच्या नात्यात कोणाच्या खाण्याची काही अडचण होती का? मी ताठ झालो. श्राद्धाला तीन पिढ्यांची नावं गोत्रासकट न अडखळता घेणारा माणूस मी. म्हटलं, छे! उलट आमच्याकडे नानाकाकांसारखे मिताहारी होऊन गेले...

नानाकाका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. संस्कृतचे मास्तर, माझी शब्दरूपं त्यांनीच घोटून घेतलेली. पंगतीत सगळ्यांना आग्रह करकरून वाढायचे, आमटीत काय कमी पडलंय ते वासावरून सांगायचे, आणि स्वतः "माझं झालं" म्हणून पाण्यावर उठायचे. चाळिशीतच गेले. आम्ही त्यांना तपस्वी म्हणायचो. लहानपणी मुक्तालाही मी त्यांच्या गोष्टी सांगितल्यात... अगदी कौतुकाने.

सुदेष्णाचं पेन थांबलं. बोलली मात्र मुक्ता. "बाबा, मी आजारी असताना रोज केक करायचे, आठवतं?"

आठवतं. रोज नवा केक. समोर बसून ती आम्हाला खाताना बघायची आणि आम्ही मिटक्या मारायचो. वैशालीने तर सोसायटीच्या ग्रुपवर फोटोही टाकले होते. मुलगी स्वतः त्यातला एक तुकडाही खात नाही, हे लक्षात यायला आम्हाला चार महिने लागले.

मी साताऱ्याला कुसुमआत्याला फोन लावला. नानाकाकांची थोरली बहीण, ऐंशीच्या पुढची. स्पीकर सुरू करून विचारलं, काका खरंच एवढे मिताहारी होते का गं?

पलीकडे आत्याने आधी टीव्ही बंद केला.

"मिताहार कसला रे मेल्या... घाबरायचा तो जेवणाला. पान वाढलं की मागे सरायचा. आई रडायची, तुझा बाप ओरडायचा. तुम्ही पोरं तपस्वी तपस्वी करायचात. मला वाटायचं, राहू दे... तेवढाच मान बिचाऱ्याला."

मुक्ताने हे सुदेष्णाला बंगालीत सांगितलं. सुदेष्णा जपून बोलली. गेलेल्या माणसाचं निदान असं करता येत नाही. जीन्स म्हणजे नशीबही नव्हे, पुष्कळ जीन्सचा थोडा थोडा वाटा असतो आणि बाकी परिस्थितीचा. फॉर्मवर 'शक्यता' एवढंच लिहिता येईल.

लिही म्हटलं. नावाचं स्पेलिंग तेवढं तपासून घेतलं... काकांना अशुद्ध खपत नसे.

मुक्ता फोनजवळ सरकली. "आत्याआजी, त्यांनी ते मुद्दाम नव्हतं ना केलं?"

"मुद्दाम? अगं बाळा, मुद्दाम कोण उपाशी राहतं? त्याला जेवायचं असायचं गं. जमायचं नाही."

मुक्ता रडली. वैशालीने तिला जवळ घेतलं. मी पंख्याकडे बघत बसलो, पुरुष बघतात तसा. फोनवर आत्याला बहुधा सगळं ऐकू येत असावं, कारण थोड्या वेळाने ती म्हणाली, "त्या पोरीला विचार, म्हाताऱ्या माणसाची थुंकी चालते का? दात नाहीत, पण थुंकी भरपूर आहे."

आमच्या तिघांच्या लाळेच्या नळ्या भरून घेता घेता सुदेष्णाने वरिष्ठांना विचारलं. चालते म्हणाले. कुरियरने किट साताऱ्याला गेलं आणि काल मुक्ताने व्हिडिओ कॉलवरून आत्याला नळी कशी धरायची ते शिकवलं. "आणखी थोडं, आत्याआजी... रेघेपर्यंत!" नळी रेघेपर्यंत भरल्यावर दोघी तासभर बोलत होत्या. मला आत बोलावलं नाही.

आपण हे ओढवून घेतलं का, हे मुक्ताने त्या रविवारनंतर विचारलेलं नाही. नानाकाकांना मी इतकी वर्षं लांबून नमस्कारच करत आलो... आता त्यांच्याबद्दल माया वाटते. उशिरा का होईना, माझा काका मला भेटला. आत्या, तुझे उपकार.