दिवस वगळून भाडे

चादरवाल्या काकूंच्या घराला दोनच खोल्या. पुढची समुद्राकडे तोंड करून बसलेली, मागची जिन्याखाली दडलेली. सीझन सुरू झाला की पुढची खोली सुट्टीवर आलेल्या पाहुण्यांना द्यायची आणि आपण बिऱ्हाड मागे हलवायचे, ही त्या गल्लीतली रीतच होती. मागच्या खोलीत सासूबाईंची खाट, शेगडी आणि उरलेल्या जागेत नवरा-बायको. कूस बदलायची तर एकमेकांना विचारून.

काकूंना त्याचे काही वाटत नसे, कारण सीझन संपला की पुढची खोली परत त्यांची होई. त्यांचे खरे काम तेव्हाच सुरू व्हायचे. रिकाम्या झालेल्या हॉटेलांतून विरलेल्या चादरींचे गठ्ठे येत. मोठी चादर नेहमी मधोमध विरते, कडा शाबूत राहतात. ती मधून उभी फाडायची, दोन्ही कडा आत घेऊन एकमेकींना जोडायच्या आणि विरलेला भाग बाहेरच्या बाजूला टाकून दुमडून शिवायचा. त्यासाठी मोकळी जमीन हवी आणि भरपूर उजेड हवा. दोन्ही पुढच्या खोलीत.

आणि तीच खोली बारा महिन्यांसाठी किटलीवाल्याने मागितली.

किटलीवाला म्हणजे परदेशातून येऊन राहिलेला एक निवृत्त मास्तर. इथली भाषा तो बऱ्यापैकी बोलायचा. दर सीझनला घरमालक त्याला बाहेर काढायचा, कारण तेवढ्या दिवसांत त्याच खोलीचे भाडे तिप्पट व्हायचे. मग तो ट्रंक आणि पत्र्याची किटली घेऊन आतल्या कुठल्याशा गावी जायचा आणि गर्दी ओसरली की परत यायचा. किटली हातात धरूनच चालायचा, म्हणून गल्लीने त्याचे हे नाव ठेवले होते.

"हो म्हणून टाक," काकूंचे यजमान म्हणाले. ते एका हॉटेलात स्वयंपाकी होते, पण सीझनपुरतेच. बाकीचे महिने घरी बसून भांडी उगाच पुन्हा घासायचे. "पाहुणे वाळू आणतात, मोरी तुंबवतात. हा एकटा जीव. आणि भाडं बाराही महिने."

"आणि माझ्या चादरी?"

"मागे शिव."

"अहो, तिथे भर दुपारी दिवा लावल्याशिवाय सुईत दोरा जात नाही. पसरू कुठे? आईंच्या खाटेवर?"

"पसर की," सासूबाई पडल्या पडल्या म्हणाल्या. "मी आहेच खाली. इस्त्रीपण होईल."

काकूंनी करून पाहिले. एक चादर मागच्या खोलीत तुकड्यातुकड्याने उलगडून शिवली. हॉटेलच्या कपडेखात्यातल्या बाईंनी ती उजेडात धरली आणि काही न बोलता परत केली. शिवण मधेच गोगलगायीसारखी वळली होती. बाईंनी बोलून दाखवले असते तर बरे वाटले असते. अशा आणखी चार चादरी गेल्या तर हॉटेल दुसरीकडे काम देणार, हे सांगायला कुणी लागत नव्हते.

त्याच संध्याकाळी काकू नकार द्यायला किटलीवाल्याकडे गेल्या. तो ट्रंक भरत होता.

"बसा काकू," तो म्हणाला. वयाने त्यांच्यापेक्षा चांगला मोठा, पण सगळी गल्ली म्हणते म्हणून तोही काकूच म्हणायचा. "खुर्ची घरमालकाची आहे, पण बसायचे पैसे अजून लावलेले नाहीत."

"इतकं महाग पडतं तर आलात कशाला?"

"स्वस्त आहे म्हणून. तिकडे पेन्शनीत खोली गरम ठेवणंसुद्धा परवडेना. इथे आल्यावर वाटलं, राजा झालो. मग एकेक कळायला लागलं. राहण्याच्या परवान्याची फी दर वर्षी वाढते. पेन्शन तिकडच्या पैशात येते, इकडचे करेपर्यंत बारीक होते. डॉक्टर वेगळा दर घेतो. फळवाला मला पाहिलं की जुना भाव विसरतो." तो हसला. "मी तक्रार करत नाही. पण आता ट्रंक उचलवत नाही, काकू."

नकार काकूंच्या जिभेवर होता, पण सुटेना.

"दिवसभर करता काय हो तुम्ही?" त्यांनी विचारले.

"सकाळी चालायला जातो, मग वाचनालयात. तिथे पंखा फुकट. काळोख पडल्यावर घरी."

"रोज?"

"खोलीत एकट्यानं बसून काय करू?"

"मग दिवसाचं भाडं कशाला भरता?" काकू म्हणाल्या.

असे ते ठरले. सीझनमध्ये खोली पूर्ण त्याची. सीझन संपला की सकाळी नऊपासून दिवेलागणीपर्यंत काकूंची आणि तेवढे भाडे कमी.

"अर्धी खोली भाड्यानं दिलेली ऐकली होती," यजमान म्हणाले. "अर्धा दिवस पहिल्यांदाच ऐकतोय."

रात्री आता बाराही महिने मागेच काढायच्या होत्या, हे काकूंना ठाऊक होते. पुढच्या खोलीत रात्री लाटांचा आवाज ऐकत झोपणे त्यांना फार आवडे.

सीझन संपला, गठ्ठे आले. पहिल्याच दिवशी वादळी वारा सुटला. किटलीवाला नवाच्या ठोक्याला बाहेर पडला तो जिन्यावरच बसून राहिला. वाचनालय वादळामुळे बंद होते. काकूंनी दाराआडून तासभर सहन केले. आत सासूबाई खिडकीपाशी खुर्चीत बसून, समुद्र आज फारच माजलाय, असे दर थोड्या वेळाने जाहीर करत होत्या. जमिनीवर चादर जोडून तयार होती. यजमान घडी घालायच्या वेळी नेहमीप्रमाणे बेपत्ता होते.

काकूंनी दार उघडले. "या आत. ती दोन टोकं धरा. घट्ट. जमिनीला लागू देऊ नका."

त्याने टोके धरली. काकूंनी चादर ताणली. खिडकीतल्या उजेडात मधली शिवण सरळ दिसली, अगदी रेघ ओढल्यासारखी. दोघे समोरासमोर चालत आले, टोकाला टोक लावले, पुन्हा मागे गेले.

"काकू," तो म्हणाला, "घडी घालण्याबद्दल भाड्यात काही सूट?"

"सूट दिली तर आत बसल्याचे पैसे लावीन."

"त्याला आतापासून काम लावू नकोस," सासूबाई खिडकीपाशी बसूनच म्हणाल्या. "उद्या शिवायला बसेल आणि मला खुर्ची उरायची नाही."

तो हसत चहाची किटली शेगडीवर ठेवायला मागे गेला. काकूंनी पुढची चादर ओढली आणि तिच्या मधोमध कात्री लावली.