मटणाची भरपाई

“मॅडम, खोटं एक अक्षर नाही यात,” असं म्हणत जगताप काकांनी वही माझ्या टेबलावर ठेवली. वही खरंच नेटकी होती. रोजचं खाणं वेळेसकट लिहिलेलं. पण शेजारचा रिपोर्ट वेगळंच सांगत होता. महिनाभर पथ्य पाळूनही साखर जागची हलली नव्हती.

मी कोथरूडच्या एका क्लिनिकमध्ये डाएटिशियन आहे. काका धायरीत राहतात आणि एका आयटी कंपनीची स्टाफ बस चालवतात. त्यांची एचबीएवनसी नऊच्या वर गेली होती. ही रक्ततपासणी साधारण मागच्या तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देते. ट्रान्सपोर्ट मॅनेजरने त्यांना तीन महिन्यांची मुदत दिली होती. तोवर आकडा आठच्या आत आला नाही, तर स्टिअरिंग सुटणार आणि काका यार्डात बसून गाड्या धुऊन घेणार. बावीस वर्षं बस चालवलेला माणूस. मुदतीतला एक महिना आता संपला होता.

आमच्या डॉक्टर मॅडमनी वही चाळली. “अक्षर फारच सुंदर आहे. स्पर्धेला पाठवू या. साखरेचं काय?”

मग त्या माझ्याकडे वळल्या.

“दर रविवारी मटण लिहिलंय. बंद कर. अजून कशाची वाट बघतेस?”

काका हळू आवाजात म्हणाले, “डॉक्टर, सुट्टी मला तेवढी एकच. दोन्ही लेकी, जावई येतात. मटण मी स्वतः करतो. तेही गेलं तर घरात मी नुसता पेशंट उरतो.”

खरं सांगायचं तर पहिल्या भेटीत मीच तोंड वाकडं केलं होतं. “काका, दर रविवारी मटण? मग आठवडाभर केलेल्या कष्टांचा उपयोग काय?” असं मी म्हणाले होते. त्यांनी मान खाली घातली होती. तेव्हा मला वाटलं, बरं झालं, पटलं.

या वेळी मात्र मी मॅडमकडे एक आठवडा मागितला. काकांनी गोळ्या तशाच चालू ठेवायच्या, आणि प्रत्येक जेवणानंतर दोन तासांनी बोट टोचून घरच्या मशीनवर साखर बघायची. गाडी चालवत असतील तर थांबल्यावरच.

“एकच आठवडा,” मॅडम म्हणाल्या. “त्यांच्याकडे जास्त नाहीत.”

आकडे व्हॉट्सॲपवर येऊ लागले. रविवारी मटणानंतर दोनशे दहा. वाईटच. पण सोमवारी दुपारी दोनशे ऐंशी. मंगळवार, बुधवार बरे. गुरुवारी पुन्हा दोनशे नव्वद. मी वही काढली. सोमवार आणि गुरुवार या दोन्ही वारांपुढे खाण्याच्या यादीऐवजी एकच शब्द होता : उपवास. आणि त्याच्यापुढे माझ्याच हिरव्या पेनाची बरोबरची खूण.

आम्ही बौद्ध. विदर्भातल्या तालुक्याच्या गावी आमच्या घरी कुणी उपवास धरत नसे. पुढे कॉलेजच्या होस्टेलमध्ये मैत्रिणी धरायच्या, पण मेसमध्ये उपवासाचं काही मिळत नसल्यामुळे संध्याकाळपर्यंत चहावरच असायच्या. त्यामुळे वहीत उपवास दिसला की माझ्या डोळ्यांसमोर रिकामं ताट यायचं. घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट मी. वडिलांनी कापसाच्या जिनिंगमध्ये पोती उचलून शिकवलं, शाळेतल्या बाईंनी स्वतःची पुस्तकं दिली. एवढं शिकून साधा प्रश्न विचारायचा राहून गेला होता.

मी काकांच्या घरी फोन लावला. काकूंनी उचलला.

“काकू, सोमवारी काका काय खातात?”

“सोमवारी उपास हाय त्यांचा. गुरुवारी बी.”

“कधीपासून?”

“तुमच्याकडं यायला लागल्यापास्नं. रविवारचं मटण फेडायचं म्हणं. तुम्ही रागावला होता न्हवं?”

मी पेन हातात घेतलं. मग विचारलं, “मग उपवासाला काय असतं?”

“काय न्हाय वो. सकाळी साबुदाण्याची खिचडी. डब्यात बी तीच. संध्याकाळी भगर, बटाट्याची भाजी, रताळं. राजगिऱ्याचा लाडू असतोय मधी.”

“खिचडी किती? वाटीभर?”

काकू हसल्या. “वाटीत कुठं मावतीय, मॅडम! चांगली ताटभर खाल्ली तरच उपास पार पडतोय.”

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. पोटात गेला की साखर झपाट्यानं वाढते. रविवारचं एक जेवण फेडायला काकांनी आठवड्यातले दोन अख्खे दिवस गहाण टाकले होते. आणि तो सल्ला, न देता, मीच दिला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांना बोलावलं. “काका, नवस वगैरे आहे का या उपवासांमागे?”

“छे हो. मटणाची भरपाई.”

“मग बंद. मटण चालू.”

ते संशयानं माझ्याकडे बघत राहिले. “डॉक्टरांना विचारलंय ना?”

मॅडमना विचारलेलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या होत्या, “चला, निदान वही वाचली कुणीतरी.”

रविवारचं ताट आम्ही कागदावर आखलं. आधी काकडी-कांदा. मटणाचे चार तुकडे, रस्सा वरचा तवंग काढून, एक ज्वारीची भाकरी. भात नाही. जेवून लगेच आडवं व्हायचं नाही, जावयांना घेऊन अर्धा तास चालून यायचं. सोमवार-गुरुवार इतर वारांसारखेच : पोळी, भाजी, उसळ.

व्यायामाचं कामाच्या जागीच जमवलं. सकाळी लोकांना सोडल्यावर बस संध्याकाळपर्यंत कंपनीच्या पार्किंगमध्ये उभी असते. बाकीचे ड्रायव्हर पत्ते खेळत. काका फेऱ्या मारू लागले. “जगताप, मॉडेलिंगला चाललाय का?” अशी टिंगल झाली. तिसऱ्या आठवड्यात टिंगल करणारे दोघे त्यांच्याबरोबर चालत होते.

मुदत संपली त्या दिवशी काका क्लिनिकमध्ये आले ते ड्रायव्हरच्या युनिफॉर्ममध्येच. रिपोर्ट त्यांनी आधी मला दिला. सात पॉइंट चार. कंपनीच्या डॉक्टरांनी खाली सही करून लिहिलं होतं : वाहन चालवण्यास योग्य. मी तो दोनदा वाचला आणि उठून उभी राहिले. का, ते मलाही कळलं नाही.

मॅडमनी आकडा बघितला. “छान. आता सहा महिन्यांनी या. चुकून लवकर बरे झालात तर आमचं कसं चालायचं?”

काका मोठ्यानं हसले. संध्याकाळची ट्रिप होती, म्हणून चहाला थांबले नाहीत.

आमच्या पहिल्या भेटीच्या फॉर्ममध्ये मी आता एक प्रश्न वाढवला आहे : जास्त खाल्लं गेलं, तर दुसऱ्या दिवशी काय करता? बहुतेकांचा खरा आजार या उत्तरात सापडतो. आणि पेशंटला रागावायचंच असेल, तर रागावल्यावर तो घरी जाऊन काय करणार आहे, हेही त्याला तिथेच विचारून घ्यावं.