सल्लागार मल्लिनाथ

कंधारचा मल्लिनाथ नांदेडला आला तो फौजदार व्हायला. सात वर्षांत फौजदारकी काही मिळाली नाही, पण अभ्यासिकेतल्या झाडून साऱ्या पोरापोरींच्या प्रेमाचा कारभार मात्र आपसूक त्याच्या हाती आला. कुणी रुसलं, कुणी बोलेना, की चालले मल्लिनाथकडे. आणि हाही डोळे अर्धे मिटून, पाच-पंचवीस लग्नं करून दमल्यासारखा सांगायचा, "बाईच्या मनात शिरायला टाइम लागतो." स्वतः हा गृहस्थ मुलींच्या खोलीच्या जिन्यापाशीही कधी धड उभा राहिला नव्हता.

त्याच अभ्यासिकेतल्या, त्याच्याच गावच्या वर्षाराणीला हे सारं ठाऊक होतं. तिचा डबा रोज कंधारहून एसटीनं यायचा. स्टँडवर तो उतरवून घेऊन अभ्यासिकेत पोचवायचं काम मल्लिनाथनं तीन वर्षं न चुकता केलं. डबा टेबलावर ठेवायचा, "गरम हाय अजून," म्हणायचा आणि पळायचा. या तीन शब्दांवर तिनं तीन वर्षं काढली. मूर्ख तीही काही कमी नव्हती.

आज तिला धर्माबादला निघायचं होतं, तलाठी म्हणून हजर व्हायला. चारची गाडी. हा येडा त्याच्या आत तोंड उघडेल, तर आपण हो म्हणायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं. आईबापाला कसं सांगायचं, तेसुद्धा.

साडेतीनला ती बॅग घेऊन अभ्यासिकेच्या दारात उभी होती, तर आला तो नागसेन. दोघांचा मित्र. लुंबिनीशी त्याचं जमवून दिलं ते मल्लिनाथनं, म्हणून बिचारा उपकाराखाली दबलेला.

"वर्षा, निरोप हाय. मल्ल्याचं तुझ्यावर प्रेम हाय. लग्न करतीस का, म्हणून राहिला."

"कुठंय तो?"

"हाय की. पाण्याच्या टाकीमागं."

"तिथं काय करून राहिला?"

"थरथर कापून राहिला."

वर्षाराणीला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग संतापही. "तीन वर्षं डबा सोताच्या हातानं आणला, अन् हे तुझ्या हाती धाडलं? मग तुलाच हाव म्हणू का? जा, लुंबिनीला इचारून ये."

"नगं बाई! ती त्याच टाकीत बुडवंल मला."

"मग त्याला सांग, इथवर चालत ये म्हणावं. वीस पावलं हायेत. थांबते मी."

नागसेन गेला. ती थांबली. मल्लिनाथ काही आला नाही. टाकीमागून त्याचा आवाज मात्र खणखणीत आला.

"येड्या, थेट लग्नावर का गेलास? आधी माझ्या स्वभावाबद्दल चार शब्द बोलायचे असतेत! लई घाई केलीस. आता परत जा अन् मी सांगतो तसं म्हण..."

वर्षाराणीनं बॅग उचलली. नागसेन नवा निरोप पुटपुटत धावत आला, तोवर ती ऑटोत बसली होती.

"वर्षा, ऐक तर! त्याला काय सांगू?"

"मला नोकरीवर हजर व्हायचंय, एवढं सांग," ती म्हणाली. "चला मामा, स्टँड."