ताकदीची गोळी

हे लिहावं की नको, असं बरेच दिवस वाटत होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. अमरावतीला बी.एस्सी. करते, म्हणून घरच्यांना वाटतं मला दवाखान्यातलं सगळं कळतं. तसं नाही.

खर्‍यामुळे, म्हणजे सुपारी-तंबाखू घोटून चघळल्यामुळे, बाबांना गालाचा कॅन्सर झाला होता. अकोल्याला त्यांनी लाइट घेतली, म्हणजे रेडिएशन, आणि कॅन्सर गेला. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, या बाजूला मार लागू देऊ नका. हाड आतून भाजलेलं आहे, जखम झाली तर भरणं कठीण.

पेरणीच्या तोंडावर मार लागलाच. दर्यापूरजवळच्या आमच्या वावरात मोठेबाबांनी, म्हणजे बाबांच्या सख्ख्या मोठ्या भावाने, धुरा, म्हणजे दोन वावरांमधला बांध, आमच्या बाजूला सरकवला. बाबा आडवे गेले. मोठेबाबांनी बंडीची उभारी, म्हणजे बैलगाडीच्या कडेचा उभा दांडा, उपसली आणि नेमकी त्याच गालावर हाणली. ओलं लाकूड फुटावं तसा आवाज झाला. बाबा मातीत पडले, तर पडलेल्या माणसाला त्यांनी वरून लाथाही घातल्या. दादा विळा घेऊन धावला. आईने त्याचे पाय धरले, तशी तीही त्याच्यामागे फरफटत गेली.

गाल फाटला तो मिटेचना. आतलं हाड दिसायचं. अकोल्याच्या डॉक्टरांनी दोन औषधं सोबत घ्यायला दिली: भाजलेल्या जागी रक्त पोचावं म्हणून एक गोळी, आणि जीवनसत्त्व ईची कॅप्सूल, जिला घरात ताकदीची गोळी म्हणू लागले. पुढच्या खेपेला मी आणि दादा सोबत होतो. डॉक्टरांनी जबडा दाबून पाहिला. पू आला, पुवात हाडाचा कपचा. बाबा गुरासारखे ओरडले.

"दोन्ही औषधं घेता ना?"

बाबांनी दादाकडे पाहिलं. "ताकदीची गोळी याले देतो. मले काय करायची ताकद? धुर्‍यावर आता यालेच उभं राहा लागते."

दादाने मान खाली घातली. डॉक्टर भडकले. "ती ताकदीसाठी नाही दिली! दोन्ही मिळून काम करतात. असंच चाललं तर जबडा कापावा लागेल. मग भाकरी कशी खाल?"

परतताना जीपमध्ये मी विचारलं, "बाबा, कावून केलं असं?"

"तू कॉलेजात शिकून राहिली. तुले कोनी उभारी नाई हाणत."

घरी पोचल्यावर मी आईला सगळं सांगितलं.

तेव्हापासून आई दोन्ही औषधं त्यांच्या तळहातावर ठेवते आणि ते गिळेपर्यंत समोरून हलत नाही.

दिवाळीत मी घरी होते, तेव्हा मोठेबाबांच्या ट्रॅक्टरने धुर्‍यातून आणखी एक तास, म्हणजे नांगराची ओळ, काढल्याचं कळलं. दादाने कोपर्‍यातली उभारी उचलली. बाबा अंगणाच्या बाहेरच्या दारात आडवे आले. जखमेवर नुकती पातळ कातडी धरू लागली होती. तिच्यावर हात ठेवून ते तोंडातल्या तोंडात म्हणाले, "जाऊ दे. पयले जबडा, मंग धुरा."

दादाने त्यांना ढकललं नाही. मागे फिरून तो अंगणातल्या निंबावर उभारी हाणत सुटला, फुटेपर्यंत. ढलप्या उडत होत्या. बाबांनी तो गाल भिंतीकडे वळवला आणि दार अडवून तसेच उभे राहिले.