त्रेचाळीस नंबरची हजेरी

हे सांगायला बसले की माझा आवाज आजही चढतो. चढू द्या!

मी नांदुऱ्याहून एसटीनं जाऊन-येऊन बुलढाण्याच्या एका कॉलेजात भूगोल शिकवते. वर्गात शंभरावर पोरं. हजेरी नंबरांनी घ्यायची, मान खाली घालून, एका दमात. 'हजर' ऐकू आलं तर टिक, नाहीतर फुली.

परीक्षेच्या फॉर्मचा शेवटचा दिवस होता. हजेरी कमी असलेल्यांचे फॉर्म अडवले होते. दुपारी स्टाफरूमच्या दारात धाड गावच्या एक बाई आल्या, भाजीपाला पिकवणाऱ्या, आणि सोबत आमच्या दुसऱ्या वर्षाला असलेली त्यांची लेक, नंबर त्रेचाळीस.

"मॅडम, पोरगी तं रोज येते न हो! म्या सोता तिले गाडीत बसवलं. गैरहजर कशी निंगाली?"

मी तडकले. "मग आमचा हजेरीपट खोटा बोलतो का?" असं म्हणत पोरीकडे पाहिलं आणि चरकलेच. अगं बाई, ही तर खिडकीजवळच्या पहिल्या बाकावरची! रोज माझ्या नाकासमोर असते.

"मग हजर काऊन म्हणत नाहीस गं?"

ती भिंतीकडे पाहत म्हणाली, "मी समोरच होती. दिसतच होती. मंग सांगाचं काऊन?"

आई हळू आवाजात म्हणाल्या, पोरीला स्वमग्नता आहे, डॉक्टरांचा कागद प्रवेशाच्या वेळीच दिला होता. तो ऑफिसच्या कपाटात पडून. आम्हाला कोणी सांगितलं नाही, आणि खरं सांगते, मीही कधी विचारलं नाही.

मी दोघींना घेऊन तडक प्राचार्यांकडे गेले. साहेब म्हणाले, "सगळ्याच विषयांत फुल्या आहेत. नुसत्या तुमच्या शब्दावर कसं चालेल? पुरावा आणा. फॉर्मची खिडकी पाचला बंद होते."

बाहेर येऊन मी डोकं धरलं. वर्ष जाणार पोरीचं, आणि माझ्यामुळं! आई म्हणाल्या, "ते वहीत सारं लिहिते, मॅडम." पोरीनं पिशवीतून जाड वही काढून दिली. तारीख, तास, फळ्यावरचं पहिलं वाक्य, सगळं होतं. माझ्या टाचणवहीशी ताडून पाहिलं, एक तास चुकलेला नाही! मला तर तिथंच नाचावंसं वाटलं. बाकीच्या सरांच्या टाचणवह्यांशीही तास तसेच जुळले, शब्दन् शब्द.

मग दिसलं: '११ वाजून १२ मिनिटं. मॅडम आल्या.' दुसऱ्या दिवशी: '११ वाजून ९ मिनिटं. मॅडम आल्या. पंख्यावरून चिडल्या.' पानामागून पान. इकडे स्टाफच्या मस्टरवर माझी रोजची सही, वेळ बरोब्बर अकरा. बस उशिरा येते हो, मी काय करू? पण वही साहेबांच्या टेबलावर ठेवायची म्हणजे स्वतःच्या हातानं स्वतःची चुगली. घड्याळात साडेचार झाले होते. म्हटलं, मरू दे, होईल ते होईल.

साहेबांनी पानं चाळली. भुवया वर गेल्या. मस्टर मागवलं.

"हे मॅडमबद्दल लिहिलंय ते खरं आहे का?" त्यांनी पोरीला विचारलं.

"हो."

"रोज उशीर?"

"रोज नाही. सोमवारी नाही." कोणी आणखी काही विचारलं नव्हतं, तरी म्हणाली, "मॅडम उशिरा येतात. पण गैरहजर नाहीत. मी रोज पाहिलं."

माझे डोळे भरून आले, लाजही वाटली, दोन्ही एकदमच. साहेबांनी मस्टर मिटलं. "तुमचं उद्या बघू," मला म्हणाले, आणि फॉर्म पुढे ओढून सही केली.

पाचला सात मिनिटं होती. मी, आई आणि पोरगी, तिघी जिन्यावरून अशा धावलो की शिपाई बाजूला झाला. खिडकीतला कारकून मान वर न करता म्हणाला, "नंबर?"

पोरगी गप्प. त्याच्या समोरच उभी होती ती.

"दादा," मी ओरडले, "आधी वर बघा!"