दाविदनं न पाहिलेला मटणाचा व्हिडिओ

दाविद गेल्याचं मला आमच्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. त्याचा फोटो, खाली 'प्रभूत विसावले' आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. मीही 'निष्कलंक सेवक' असं लिहायला घेतलं आणि पहिल्याच शब्दावर अडलो. शब्द बरोबर होता. पण तो लिहिण्याचा हक्क नसलेला सगळ्या मंडळीत मी एकटाच होतो. शेवटी मीही हात जोडून मोकळा झालो.

दफनाच्या वेळी आमच्या पंचकमिटीतले एक जण म्हणाले, "ती एक गोष्ट सोडली, तर दाविदकाका म्हणजे सोन्यासारखा माणूस." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. त्याला आता सहा आठवडे झाले. ती एक गोष्ट दाविदची नव्हती, माझी होती. एवढंच सांगायला हा लेख लिहितो आहे.

घाटनांदूरला दाविद साळवेचं मंडप आणि स्पीकरचं दुकान होतं. शनिवारी ज्या बॉक्सवर वरात नाचायची, तेच बॉक्स रविवारी पुसूनबिसून आमच्या चर्चमध्ये यायचे. "दादा, काळजी नगं. बॉक्सचाबी बाप्तिस्मा करून आणलाय," तो म्हणायचा. माझ्याहून चारच वर्षांनी लहान, पण मी शाळामास्तर आणि मंडळीचा सचिव, म्हणून दादा. आमची अर्धी मंडळी दिवाळीनंतर ऊसतोडीला जाते. त्यांच्यासाठी उपासना मोबाईलवरून लाईव्ह दाखवायची कल्पना दाविदचीच. उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीबाहेर मोबाईल टेकवून बाया गीत म्हणताहेत, असा फोटो कोणी पाठवला की तो आठवडाभर सगळ्यांना दाखवत फिरायचा. "हे बगा, आपलं चर्च कर्नाटकापोत्तर गेलं."

त्या वर्षी साखर कारखान्यांचा हंगाम लांबला होता, त्यामुळे उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, ऊसतोडीच्या टोळ्या अजून बाहेरच होत्या. त्या दिवशी आमच्याकडे बारा ते तीन, येशूनं वधस्तंभावरून उच्चारलेल्या सात वचनांची, म्हणजे सात शब्दांची उपासना असते. सात शब्द, सात वक्ते, आणि एकालाही वेळेत थांबता येत नाही. वर तीनपर्यंत कडक उपास. चौथ्या शब्दावर मी बोललो आणि जाता जाता उपासावरही बोललो. पोटाचे गुलाम होऊ नका, असं काहीतरी. मग पुढच्या बाकावर येऊन बसलो. दोन वाजून गेले होते आणि माझ्या पोटात कावळे ओरडत होते. गीतपुस्तकाच्या आड मी मोबाईल उघडला. नुसतं बघून काय होतं, असं मनाला सांगितलं आणि एका बाईंचा मटणाच्या रश्श्याचा व्हिडिओ लावला. मोबाईलचा आवाज पार बंद केलेला होता. मी निर्धास्त होतो.

पाचवा शब्द तहानेचा. पाळकसाहेबांनी आवाज खाली आणून विचारलं, "प्रभूला तहान लागली... कोणी दिलं पाणी?" आणि थांबले. त्या शांततेत दाविदच्या दोन्ही बॉक्समधून एक बाई खणखणीत बोलली, "आता यात दोन तांबे गरम पाणी ओता, म्हणजे मटण छान शिजेल."

सगळ्यांनी मागे दाविदच्या टेबलाकडे पाहिलं. मीसुद्धा पाहिलं, चांगलं रागानं पाहिलं. मग मान वळवली, तर मांडीवरच्या मोबाईलमध्ये त्या बाईंचे ओठ हलत होते. आदल्या दिवशी दाविदनं आणि मीच गीतांच्या सरावासाठी माझा मोबाईल ब्लूटूथनं स्पीकरच्या मशीनला जोडला होता. शहाण्या मोबाईलनं ते लक्षात ठेवलं आणि नेमकं त्याच क्षणी, आदल्या दिवशीच्या मोठ्या आवाजासकट, आपण होऊन पुन्हा जोडून घेतलं. कोथिंबीर टाकायच्या आत दाविदनं बटण खाली ओढलं. तेवढ्यात फडावरून कोणीतरी लाईव्हखाली लिहिलंही, 'काका, मीठ किती?'

रविवारी पंचकमिटी बसली. दाविद खाण्याचा शौकीन, मंडळीच्या जेवणावळीचं मटण त्याच्याच हातचं, त्यामुळे कोणाला शंकाच आली नाही. एका पंचानं विचारलं, "कावून काका, तीन वाजंपोत्तर बी दम निघंना का?" बाकीचे हसले. दाविदनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. कुठली वायर ढिली आहे हे शोधताना तो मशीनकडे पाहायचा, तसं. पुष्कळ वेळ पाहिलं. मी वहीत तारीख घालत होतो. मग तो म्हणाला, "मशीन माज्याकडं व्हतं. जबाबदारी माजी. लिवा दादा." आणि मी लिहिलं. 'सदर सेवकास ध्वनिसेवेतून मुक्त करण्यात येत आहे.' तीस वर्षं फळ्यावर 'नेहमी खरे बोलावे' लिहिलं, त्याच वळणदार अक्षरात.

मशीन मंडळीला देऊन दाविद शेवटच्या बाकावर जाऊन बसला. टेबल प्रकाशकडे आलं. प्रकाश बँकेत कारकून, लिहिलेलं असेल ते तंतोतंत पाळणारा. मशीनच्या प्रत्येक बटणाखाली दाविदनं चिकटपट्टी लावून नाव लिहिलेलं होतं: पाळक, पेटी, ढोलकी. ब्लूटूथखालची पट्टी मात्र नवी होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'दादांना विचारून चालू करणे.'

त्यानंतर तीन वर्षं, दर रविवारी, उपासना सुरू होण्याआधी प्रकाश मागून मोठ्यानं विचारायचा, "दादा, ब्लूटूथ चालू करू का?" लोकांना वाटायचं, सचिवांचा मान. शेवटच्या बाकावर दाविद गीतपुस्तकाची पानं उलटत बसलेला असायचा. मी म्हणायचो, "करा."

मागच्या आठवड्यात मी धीर करून मार्थावहिनींकडे गेलो. दाविदच्या बायकोला हे सगळ्यात आधी कळायला हवं होतं. मी अर्धं सांगितलं असेल नसेल, त्या म्हणाल्या, "मला ठाव हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिसापासून. दर रविवारी घरी आले की ताटावर बसून सांगायचे, आज बी दादा निस्तं 'करा' म्हणले."

"हसायचा का?"

"पयल्या वरसी लई हसायचे." त्यांनी पदरानं चष्मा पुसला. "मग सांगायचेच न्हाईत. मीच इचारायची, आज काय म्हणले दादा? तर म्हणायचे, भाकर वाढ."

या रविवारी उपदेश संपल्यावर मी पाळकसाहेबांकडून माईक मागून घेतला आणि सगळं सांगितलं, मटणासकट. लाईव्ह चालू ठेवायला लावलं. मधेच कोणी हसलं, मग कोणी हसेना. दाविदला कमी करणारा ठराव त्याच दिवशी रद्द झाला. वहीत तसं मीच लिहिलं, पण अक्षर नीट आलं नाही.

प्रकाश बिचारा ओशाळला. घरी जाण्याआधी तो नखानं ती पट्टी काढायला लागला. मी त्याचा हात धरला.

"आता कशाला दादा?"

"राहू दे," मी म्हणालो. "पुढच्या रविवारीही विचार. मोठ्यानं विचार."