तीनदा मोजलेलं प्रेशर

स्वतःवर अविश्वास ठेवण्याची परीक्षा असती, तर माझी भाची अख्ख्या ठाणे जिल्ह्यात पहिली आली असती आणि निकाल हातात पडताच, पेपर चुकून दुसऱ्याच कुणाचा तपासला असेल म्हणून फेरतपासणीचा अर्जही देऊन आली असती. ही माझ्या भावाची मुलगी, मुरबाडकडची. नर्सिंग शिकायला शहापुरात माझ्याकडे राहिली आणि तेवढ्या वर्षांत तिनं मला अगदी जेरीस आणलं. माझं ब्लडप्रेशर ती सलग तीनदा मोजायची. तिन्ही वेळा आकडा सारखा आला की खूश व्हायचं सोडून रडवेली व्हायची. "आत्या, मी तीनदा तीच चूक करतेय का गो?" चौथ्यांदा मोजलं असतं तर ते खरंच चढलं असतं! इंजेक्शनचा सराव ती वांग्यांवर करायची. भरल्या वांग्यांसाठी मी वांगं चिरायला घ्यावं, तर आतून पाण्याची धार. मी ओरडले, तर म्हणते, "त्या एकाला दोनदा टोचावं लागलं. माणूस असता तर काय केलं असतं मी?"

शेवटच्या वर्षाला मार्क उत्तम पडले, तालुक्यातच एका दवाखान्यात नोकरी लागली. सोमवारी हजर व्हायचं होतं. शनिवारी सकाळी हिनं चिठ्ठी लिहिली: मला अजून नीट येत नाही, जागा दुसऱ्या कुणाला द्यावी. ती नेऊन द्यायचीही हिंमत नाही, म्हणून चिठ्ठी माझ्या हातात. "तूच दे गो. मला नाय जमणार. जीव जाईल कुणाचा माझ्या हातून." मी कपाळाला हात लावला.

त्याच दुपारी आम्ही दोघी शेजारच्या काकूंकडे गेलो होतो, तेव्हा त्यांची सून त्यांना इन्सुलिन द्यायला सिरिंज भरत होती. ही सवयीनं बाटलीवरचं वाचायला गेली आणि तिनं सुनेचा हातच धरला. दुकानातून या वेळी जास्त तीव्र औषधाची बाटली आली होती, सिरिंज मात्र जुन्याच मापाची. काकूंना अडीचपट डोस गेला असता. हिनं डॉक्टरांना फोन लावला. "थांबवलंत ते फार बरं केलंत," ते म्हणाले. काकू हिच्या तोंडावरून हात फिरवत राहिल्या. आणि ही घरी येऊन मला काय म्हणते? "बघ, मला डॉक्टरांना विचारावं लागलं. खऱ्या नर्सला न विचारता कळलं असतं." तिलाही वांग्यासारखं उभं चिरावं असं मला त्या क्षणी वाटलं.

चिठ्ठी मी दिलीच नाही. 'असं तोंडानंच सांगितलेलं बरं दिसतं,' म्हणून सोमवारी तिला एसटीत बसवून नेलं आणि दवाखान्याच्या दारात चिठ्ठीचे चार तुकडे करून तिच्या हातावर ठेवले. ती इतकी भडकली, की तरातरा आत निघून गेली.

संध्याकाळी फोन आला. "आत्या, आज एका आजीनं 'सिस्टर' म्हणून हाक मारली. मी मागं वळून बघितलं, तर मागं कोणच नव्हतं."

"मग?"

"मग मीच गेले."

आता ती तिथल्याच क्वार्टरमध्ये राहते. घरात मला सतावणारं कोणी उरलेलं नाही. मला ते मुळीच आवडत नाही, पण हे मी तिला सांगितलेलं नाही. सांगितलं, तर ती नोकरी सोडून परत येईल.